नाइक्विस्टच्या शेताखालचा ओढा

१५ एप्रिल

प्रिय अर्लन,

तू आणि डोरिन बरे असाल. इकडे आम्ही धडधाकट. तळ्यावरचं बर्फ परवा फुटलं. मार्जोरीने हरणाचं सॉसेज तुमच्यासाठी बाजूला ठेवलं होतं. न्यायला कुणी येईना, म्हणून मीच संपवतोय.

धंदा जोरात आहे. शिकागोचे कॉटेजवाले आले की पहिल्याच रविवारी त्यांच्या सेप्टिक टाक्या तुंबतात. एका जुन्या टँकरवर सुरू केलं होतं, आता तीन आहेत. गाव अजून मला ‘वासवाला लायल’ म्हणतं आणि मीही हसतो. हसणं मला फार सोपं जातं. लिहायला बसलो ते त्यावरूनच.

मार्चमधली टाऊन हॉलची सभा. जलखात्याच्या क्वांट बाईंनी पडद्यावर आकडे दाखवले. शेवाळ माजवणारा फॉस्फरस तळ्याला वर्षाला किती झेपेल ते ठरवलं, मग तो वाटून दिला: गावाच्या सांडपाणी केंद्राला इतका, कॉटेजना इतका, शेतांना इतका. तळ्याला मिळणाऱ्या मिल ओढ्याचं जवळजवळ सगळं पाप तुझ्या माथी, कारण पाण्याचे नमुने घेतात ते तुझ्या गोठ्याखालच्या, रस्त्याच्या मोरीपाशी. म्हणजे अर्ध्या गाई कमी करायच्या. तू उठून म्हणालास, “मी हिवाळ्यात शेण शेतात टाकत नाही. त्यासाठी खड्डा बांधलाय. या बघायला.”

“मग उन्हाळ्यात तळ्याचं हिरवं सूप कोण करतं?” कॉटेजवाला हार्लो ओरडला. “लंगोट बांध तुझ्या गाईंना!”

सगळे हसले. मीही. तू नेमका माझ्याकडे बघत होतास. तेव्हापासून आपलं बोलणं नाही.

तुला वाटलं असेल, लायल गिऱ्हाइकांना खूश करायला हसला. तेवढंच असतं तर बरं होतं.

गेल्या गुरुवारी लिलाववाल्या व्होइटची टाकी उपसायला गेलो होतो. टाकीपाशी उभा असलेला माणूस कुणाच्या खिजगणतीत नसतो; लोक खिडकी उघडी टाकून बोलतात. तो फोनवर सांगत होता, “हो, अर्लनचा सगळा कळप. मेचा दुसरा शनिवार. अर्ध्या गाईंवर भागत नाही म्हणाला. बोलता बोलता रडायलाच लागला बिचारा, मी म्हटलं...” पुढचं पंपाच्या आवाजात गेलं. पंप मीच सुरू केला.

शुक्रवारी गावच्या तळलेल्या मासळीच्या जेवणाला क्वांट बाई शेजारच्याच टेबलावर होत्या.

“समजा, अर्लनच्या वरच्या अंगाला दुसऱ्याच कुणी ओढ्यात काही सोडलं असेल तर?” मी विचारलं.

“तर आकडे पुन्हा मांडावे लागतील. पण कुणीतरी लिहून द्यायला हवं. जागा, तारखा, खाली सही. हरकतींची मुदत बावीस तारखेपर्यंत आहे.”

“आणि लिहिणाऱ्याचं काय?”

“त्याचं जे व्हायचं ते होईल.” त्यांनी काटा खाली ठेवला. “कोण आहे तो, लायल?”

“कोबीची कोशिंबीर झकास झालीय,” मी म्हटलं.

तो मी, अर्लन. तीन हिवाळे मी तुझ्या वरच्या अंगाला, नाइक्विस्टच्या उतारावरच्या शेतात टँकर रिकामे केले. गोठलेल्या जमिनीत काही मुरत नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही. पहिल्या वर्षी अकरा घरांच्या टाक्या तुंबल्या होत्या, टाक्यांचा मैला घेणारं केंद्र चाळीस मैलांवर आणि रस्ते काचेसारखे. पुढच्या दोन वर्षांना तसलं काही निमित्त नव्हतं. सोयीचं होतं, बस्स. बर्फ वितळलं की सगळं ओढ्यात, तिथून तुझ्या मोरीतून. क्वांट बाईंच्या आलेखावर दर वसंतात जो सुळका वर जातो, तो मी त्या सभेतच ओळखला होता. तुझ्या गाईंचाही त्यात थोडा वाटा असेल. पण अर्धा कळप? मुळीच नाही.

तारखांसकट सगळं लिहून क्वांट बाईंच्या खात्याला आज सकाळी रजिस्टरने पाठवलं. तुला हे त्यानंतर लिहितोय. आधी तुला लिहिलं असतं तर ते पाठवलंच नसतं; मी स्वतःला ओळखून आहे. परवाना जाईल. मार्जोरीला सांगितलं, तर ती बशा पुसत राहिली.

व्होइटला आजच्या आज फोन कर आणि लिलाव थांबव. माझ्याशी बोलायचं की नाही ते सावकाश ठरव. गाई एकदा गेल्या की गेल्या. मी कुठे जात नाही.

उशिरा तोंड उघडलेला तुझा भाऊ,
लायल