डावऱ्या हाताचा डाग

३ मार्च, सोमवार. बीड.

आलो बाबा एकदाचा! नेकनूर ते बीड एष्टीनं पाऊण तास, पण मला यायला चार वर्षं लागली. कंडक्टरनं मागचा लांब बाक रिकामा करून दिला, त्याच्यावर मी पालथा पडून आलो. लोक वाकून वाकून बघत होते. बघू द्या. तिकीट काढून पालथा पडलोय, लाजायचं कावून?

दवाखान्याच्या मागच्या गल्लीत जाहेदाआपाची खोली घेतली हाय. तिचा फळांचा गाडा हाय. रोजे चालू हायत, तरी आल्या आल्या तिनं माठातलं पाणी आणून दिलं अन् म्हणली की आबा, माझी फिकीर करू नका, बिनधास्त खा-प्या. खोलीत पंखा, पलंग, खिडकीत कोथिंबिरीची कुंडी. मनकर्णानं, म्हणजे आमच्या मंडळीनं, पिशव्या लावल्या. ती बोलत न्हाई फारशी. आपानं तिला नाव इचारलं तर माझ्याकडंच बघत बसली, मंग मीच सांगितलं.

डॉक्टरीणबाई, मोहिनी मॅडम, लेकीच्या वयाच्या. पण समजावून सांगत्यात. पाठीच्या कण्यात सुईनं दोन तारा सोडायच्या, समईच्या वातीएवढ्या बारीक. तारांची टोकं भाईर, भाईर कंबरेला चिकटवलेली बॅटरी, हातात रिमोट. करंट सुरू झाला की दुखण्याच्या जागी मुंग्या येतात, दुखणं डोक्यापस्तोर पोचतच न्हाई. सात दिवस पारखायचं. दुखणं निम्म्याखाली आलं तर बॅटरी कातड्याखाली कायमची. न्हाई आलं तर तारा काढून घरी. रोज तीनदा कार्डावर आकडा टाकायचा, शून्य ते दहा. माझा नऊ. दहा कुणाचा आसतो म्हणून इचारलं तर मॅडम हसल्या.

बैलानं कंबरेत लाथ घातली, दोन आपरेशनं झाली, पण डाव्या पायातला जाळ काही इझला न्हाई. मनकर्णा कूस वळवती तेव्हा वळतो. नारायणगडाच्या वारीला पायी जाणारा मी सटवा, अन् आता मोरीपस्तोर जायला बायकोचा खांदा लागतो! मॅडम म्हणल्या की ह्याच्यापुढं त्यांच्याकडं दुसरा विलाज न्हाई. म्हणजे हे सात दिवस गेले की एक तर मी माणसात, न्हाई तर कायमचा पलंगावर. स्टँडवर वही घेतली. रोज लिहिणार. नववी शिकलोय, अक्षर गावात माझ्याइतकं कुणाचं न्हाई.

४ मार्च, मंगळवार.

तारा बसल्या! पालथं पाडून जागेपणीच बसवल्या. गुफरान म्हणून परळीचा टेक्निशियन हाय, तो करंट वाढवायचा अन् इचारायचा, आबा, कुठं मुंग्या आल्या? कंबरंत? मांडीत? मी म्हणलो, अजून खाली, अजून खाली, अन् बरोबर जाळाच्या जागी मुंग्या पोचल्या. आरं देवा! चार वर्षांचा जाळ असा गपकन बसला. मी रडलो. गुफरानसमोर रडलो, लाज वाटली न्हाई.

आता आंघोळ न्हाई, वाकायचं न्हाई, हात खांद्याच्या वर न्यायचा न्हाई. तार सरकती म्हणे. रिमोट मनकर्णाकडं दिलाय. ती कनवटीला लावून ठेवती अन् गुफराननं दाखवलं तसं अधिक-वजाचं बटन दाबती.

गुफराननं धंदा इचारला. म्हणलो, तुझाच धंदा! मी डाग देतो. जनावरानं कंबर धरली, खांदा सुजला, पाय लचकला, की लोक माझ्याकडं यायचे. विळा लाल करायचा, बैल दोरानं पाडायचा, चौघांनी धरायचा, अन् दुखण्याच्या जागी रेघ मारायची. चाळीस वर्षं केलं. मी डावरा. फुली काढताना दुसरी रेघ खालून वर नेतो, बाकीचे सगळे वरून खाली आणतात. नुसती फुली बघून लोक सांगायचे की हा सटवाचा हात. गुफरान म्हणला की आता जनावराला डॉक्टर असतात, आबा. म्हणलो, डॉक्टरला पोचायला उशीर लागतो बे, इळ्याला लागत न्हाई.

संध्याकाळचा आकडा दोन. भाकरी बसून खाल्ली.

५ मार्च, बुधवार.

सकाळी आपाच्या गाड्यापस्तोर चालत गेलो. एकटा! आपानं तोंडावर हात ठेवला अन् एक पेरू हातात कोंबला.

दुपारी पडलो होतो तर एक गंमत झाली. मुंग्या नुसत्या पायात न्हाई राहिल्या. डाव्या कंबरंवर एक रेघ आली, तिरपी, चार बोटं लांब. मंग दुसरी तिच्यावरून. फुली! हसूच आलं मला. मनकर्णाला पाठ बघायला लावली. काहीच न्हाई म्हणली, मान हलवून.

मंग हसू थांबलं जरा. कारण दुसरी रेघ खालून वर गेलती.

आकडा दोन.

६ मार्च, गुरुवार.

ह्या मुंग्या न्हाईत. हा डाग हाय. मला कळतंय, माझ्याइतकं कुणाला कळणार? आधी गार लागतं, मंग कातडी वर उचलल्यासारखी होती, मंग मांसात जातं. केस जळाल्याचा वासबी येतो. मनकर्णाला इचारलं, तिला येत न्हाई.

सकाळी उजव्या खांद्यावर चंद्रकोर आली. तारा हायत कंबरंत, खांद्याचा काय संबंध? पण ती चंद्रकोर मी वळखली. गावातल्या बंकटच्या देवणी बैलाची. इळ्याचं टोक मोडकं होतं त्या वर्षी, म्हणून कोर एका बाजूनं तुटकी. हीबी तुटकी. तो बैल तिसऱ्या दिवशी मेला. बंकट रडला तेव्हा मी त्यालाच शिव्या घातल्या की उशिरा आणलास.

त्याच्या मागोमाग म्हाळूची लाल गाय, दोन रेघा. मंग एक रेडा. मंग वासरू. वळीनं येत्यात. ज्या वळीनं मी दिले त्याच वळीनं.

तासभर बंद करायला लावलं. मनकर्णानं बटन दाबलं अन् जुना जाळ असा आला की मी पलंगाची पट्टी चावली. आपा नमाजावरून उठून पळत आली. पुन्हा चालू केलं. जाळ गेला, डाग आले. हे घ्या, न्हाई तर ते घ्या.

गुफराननं मशीन तपासलं. करंट कमीच हाय, एकदम बरोबर चाललंय म्हणला. कसं वाटतंय म्हणून इचारलं. मी लई बरं म्हणलो. खरं सांगितलं तर तारा काढतील अन् मला पुन्हा पलंगावर फेकतील. मरेपस्तोर जाळ परवडणार न्हाई मला. डाग काय, बसंल कधीतरी. जनावरं सोसतात, मी तर माणूस हाय.

आकडा दोन लिहिला.

७ मार्च, शुक्रवार.

मॅडमनी कार्ड बघितलं, पाठ थोपटली. कायमच्या बॅटरीच्या कागदावर सही घेतली. ह्याच तारा आत ठेवणार, फक्त बॅटरी कातड्याखाली. एकदा बसली की आठ-नऊ वर्षं बघायला नको. मी सही केली. पेन उलटं धरलं तर मॅडम म्हणल्या की आनंदानं होतं तसं.

दुपारपस्तोर जनावरं संपली. किती झाली? दोनशेच्या पुढं मोजायचं सोडलं.

मंग बेंबीभवती तीन ठिपके आले. तापल्या सुईचे, बारीक.

माणसांनाबी द्यायचो मी. कावीळ झाली की मनगटावर, पोट फुगलं की पोटावर. त्यांचेबी जनावरांच्या वळीतच येऊन गेले, मी लिहिले न्हाईत. लोकच आणायचे, मी काय बोलवायला गेलतो का? हे तीन ठिपके शिवकन्येचे. आमच्या शेजारची. सहा महिन्यांची होती. पोट तट्ट फुगलं होतं. आईनं पाय धरले, मनकर्णानं डोकं धरलं, मी थोडी कळ काढ, आराम पडंल म्हणत टेकवलं. पोरगी जांभळी झाली रडून रडून. दुसऱ्या दिवशी गेली.

मी सगळ्यांना सांगितलं की उशिरा आणली.

इवल्याशा पोटाला कसं लागलं असंल ते आज मला कळलं. देवा, एवढं लागतं? मला वाटायचं की ती भ्यानं रडती.

आकडा दोन.

८ मार्च, शनिवार.

लिहून टाकतो. आता काय लपवायचं.

शिवकन्येच्या पुढं एकच डाग उरलाय. त्याच्यानंतर मी दिलाच न्हाई कुणाला, बैलानं लाथ घातली अन् धंदा बंद पडला.

पोरगी गेल्यावर मनकर्णा सरकारी दवाखान्याच्या आशाताईला बोलली. पोर फुगण्यानं न्हाई, डागानं गेली म्हणली. गावात कुजबुज झाली, लोक माझ्या दारात यायचे थांबले. माझं डोकं फिरलं. घरी आलो, विळा चुलीत ठेवला. म्हणलो, जीभ काढ.

एकदाच. नुसता टेकवला.

तेव्हापासून तिचे शब्द बोथट येतात. लोकांना सांगितलं की तिला वारं गेलं तोंडावरून. तिनंबी कधी न्हाई म्हणलं न्हाई. चार वर्षं माझं हागणं-मुतणं काढलं तिनं, एका शब्दानं बोलली न्हाई. मी समजलो, इसरली.

आता उद्या तोच डाग माझ्या जिभेवर येणार. मशीन बंद कर म्हणलो तिला. कायमचं बंद कर, राहू दे जाळ, मी पलंगावर मरतो. तिनं कनवटीवर हात ठेवला. रिमोट दिला न्हाई. अडखळत, एकेक शब्द लावत बोलली. थोडी कळ काढा. आराम पडंल.

मी उठून हिसकणार होतो. हात उचलला तर पाठीत असा झटका —

गुफरानला सांगणार. सगळं खरं सांगणार.

९ मार्च, रविवार.

आज रविवार, गुफरान आला न्हाई.

सकाळी चहाचा पहिला घोट घेतला तेव्हा आलं. जिभेच्या मधोमध. आडवं. डावीकडनं उजवीकडं. माझाच हात.

वरडलो तर आवाज न्हाई. नुसती फुंकर निघाली. जीभ हलत न्हाई. आरशात बघितली, गुलाबी हाय, साधी, काही झालेलं न्हाई तिला. आत मात्र —

आपा इचारायला आली की आबा गप्प का. मनकर्णा बोलली. दारात उभी राहून बोलली अन् मी ऐकत राहिलो. एकेक शब्द ठणठणीत. लगीन झालं तेव्हा बोलायची तशी. आपाला म्हणली, रात्री झोप न्हाई लागली, पडू द्या त्यांना. आपाला नवल वाटलं, तू तो अच्छा बोलती म्हणली. मनकर्णा हसली. बघितलंच न्हाई मी तिला हसताना, किती वर्षं —

माझी जीभ जाती तशी तिची येती.

कार्डावर तिनं दोनचा आकडा काढला, हुबेहूब माझ्यासारखा. तिला लिहिता येत न्हाई, पण दोन काढता येतो. माझं बघून शिकली.

१० मार्च, सोमवार.

मॅडम आल्या. गुफरानबी. वही-पेन मनकर्णानं तेवढ्यापुरतं पिशवीत कोंबलेलं. मी हातवारे केले, तोंड दाखवलं, कंबर दाखवली, नको नको अशी मान हलवली. मॅडम मनकर्णाकडं वळल्या. काय म्हणत्यात आबा?

ती म्हणली, लई आराम हाय मॅडम. त्येस्नी वाटतंय तुमी तारा काढून घेताल, म्हणून कावरेबावरे झालेत. आमाला सोडू नका म्हणत्यात. बसवून टाका.

गुफराननं माझा हात हातात धरला. घाबरू नका आबा, कुणी न्हाई काढत. त्याचे डोळे भरून आलते.

बोलणं कावून बंद, हे मॅडमनी इचारलं. तोंड तपासलं. जीभ चांगली हाय, भ्यानं होतं, म्हणल्या. आपरेशनच्या आधी गोळी देतील.

कार्डावर तारा बसल्यापास्नं सगळे दोन. माझ्या अक्षरातले. सही माझी.

उद्या सकाळी पहिला नंबर.

११ मार्च, मंगळवार. सकाळ.

हिरवा झगा घातलाय. स्ट्रेचर दारात.

जिभेवरचं उतरलं न्हाई अन् कंबरंवर पुन्हा रेघ आली. तिरपी. दुसरी, खालून वर. फुली.

पहिल्यापास्नं. सगळे पुन्हा पहिल्यापास्नं. आठ-नऊ वर्षं —

मॅडम, ही वही वाचा. मला नको हाय. नको. नको. मी सटवा, शुद्धीत लिहितोय. माझे आकडे खोटे हायत. सगळे नऊ हायत, दहा हायत. तारा काढा. मी पोरगी मारली. मला पोलिसात द्या पण बॅटरी —

पान फाडून गुफरानच्या हातात देणार. तो दारातनं येतोय. मनकर्णा मधी उभी हाय. त्याला सांगती की आबांना लिहायचा नाद, आत नेईपस्तोर सोडत न्हाईत बघा. तो हसतोय. ती माझ्याकडं वळली. हात पुढं केला. गोड आवाजात पेन मागती —

मॅडम न