एका खुर्चीवरून चाळीस टेबलं

नाशिक, गुरुवार, फेब्रुवारी २००४

मेन स्विचचा तो खटका अजून कानात आहे. काल सहाला ऑफिस सुटल्यावर मी एका खुर्चीत बसून सातपूरच्या या ऑफिसातल्या चाळीस कॉम्प्युटरवर नेटवर्कवरून नवं सॉफ्टवेअर चढवायला घेतलं, आणि वीज वाचवायच्या रोजच्या शिरस्त्याने रामभाऊ शिपायांनी खाली मेन स्विच पाडला. खट्. कॉम्प्युटरांचे चाळीस पंखे एकदम गप्प, काम अर्धवट.

चूक माझीच. इतकी वर्षं ऑफिसं हिंडतोय, हे आधी विचारायला नको?

सकाळी साहेब म्हणाले, "सीडी घेऊन टेबलाटेबलाला जा. माणूस फिरताना दिसला पाहिजे. नाहीतर पुढचं कंत्राट दुसऱ्याला."

"फिरायचंच होतं तर पोस्टात लागलो असतो, साहेब."

हसले नाहीत.

दुपारी डबे उघडले. कॉम्प्युटर चालू, कीबोर्डवर कुणाचा हात नाही. तेवढ्यात मी माझ्या खुर्चीवरूनच सॉफ्टवेअर पाठवलं. पोळीभाजीच्या गप्पांतून डिस्कची कुरकुर ऐकू येत होती, आधी खिडकीकडून, मग सगळीकडून. देशमुखबाई दचकल्या, "अहो, माझा आपोआपच चाललाय!"

"चालू द्या. तुम्ही जेवा."

डबे धुऊन येईपर्यंत चाळीसही झाले. साहेब म्हणतात, "पण तुम्ही तर जागचे उठलाच नाहीत." उद्या परत बोलावलंय, सीडी घेऊन टेबलाटेबलाला फिरून दाखवायला. जाईन. सीडी नेणार नाही. द्या म्हणावं कंत्राट कुणाला द्यायचं ते.

आज सहाला मात्र रामभाऊ जिना चढून वर आले. "भाऊ, काही चालू नाय ना? पाडू का आता?"

पाडा म्हटलं. खट्.