गंबीरची कच्ची पानं

बोगोर, ३ मार्च २००६

ती. मामांस देस्मार्नीचा सलाम. वि. वि.

तुमची तिसरी पुरचुंडी काल मिळाली. उघडल्याबरोबर गंबीर उकडून कात काढायच्या आपल्या काहिलीचा वास आला. मामा, पानं पुन्हा उकडलेली आहेत.

मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की कोवळी पानं कच्चीच, सोबतच्या निळ्या खड्यांत पुरून पाठवा. खडे ओल शोषतात, पान काळं पडत नाही. तुम्ही खड्यांची पिशवी न फोडता परत पाठवलीत. ईदला मी स्वतः आणलेली पानं वाया गेली ती माझी चूक, ते मी वहीतही लिहून ठेवलं आहे. जून पानं घेतली, वाटायला वेळ लावला. गंबीरच्या पानातला कात डीएनएला असा बिलगला, की नळीत तपकिरी चिकट गोळा उरला. आमच्या प्रयोगशाळेच्या बाई हसून म्हणाल्या, घरचंच पीक तुला फसवतंय. आता मी पानं द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून वाटते, भुकटी दोनदा धुते, तुरटपणा शोषणारी पूड घालते. पण उकडलेल्या पानातल्या डीएनएचे तुकडेच झालेले असतात. त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

१८ एप्रिलला वाणाच्या नोंदणीची सुनावणी आहे, आणि रोपवाटिकेची रोपं आपल्याच झुडपांची का, हे मला त्याआधी पानांच्या डीएनएतून ताडायचं आहे. त्या दिवशी रोपवाटिकेनं आपलं वाण स्वतःच्या नावावर चढवलं, तर आईला तिच्याच उतारावरचं बी शेजारणीला द्यायला त्यांना विचारावं लागेल. जमीन बायकांची आणि राखण मामाची, हे तुम्हीच मला शिकवलंत. मग राखण करा.

मामीला सलाम. माझ्या रागाला माफी असावी, नसली तरी पानं यावीत.

तुमची भाची,
देस्मार्नी


पायाकुंबुह, ११ मार्च

चि. देस्मार्नीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं. शहरात चार नळ्या धुतल्यास म्हणून मामाला राखण शिकवतेस? सहा वर्षांची असताना पानं पिळायच्या चरकाशेजारी झोपायचीस, तुला पाठीवर घेऊन उतार कोण उतरायचं?

तुझ्या आजीच्या वेळेपासून कच्चं पान आपल्या उताराबाहेर गेलेलं नाही. तोडलेलं पान दुसऱ्या दिवशी कामातून जातं आणि परक्याच्या हाती कच्चं पान म्हणजे घरची बरकत परक्याच्या हाती, असं ती म्हणायची. म्हणून उकडलं. ते निळे खडे मला उंदराचं औषध वाटले.

आणि सुनावणीचं एवढं काय घेऊन बसलीस? कागदावर कुणाचंही नाव असो, झुडपं कुठे उठून जात नाहीत. आईला उगाच घाबरवू नकोस. वेळेवर जेवत जा. तुझी मामी नारळात आटवलेल्या मांसाचा सुका रेंदांग पाठवते आहे.

तुझ्या भल्याचंच पाहणारा,
मामा स्याफ्रिनाल


बोगोर, २९ मार्च

ती. मामांस सलाम. वि. वि.

रेंदांग पोचला. मी तो खाल्लेला नाही.

पानं आईनं पाठवली. गुडघा दुखत असताना ती स्वतः चढली, सव्वीस झुडपांची कोवळी पानं खड्यांत घातली, प्रत्येक पुडीवर झुडपाचा नंबर घातला. गेल्या आठवड्यात थंड अल्कोहोल ओतलं आणि नळीत पांढरे धागे वर आले. मी रडले. मग रोपवाटिकेच्या रोपांशी ताडून पाहिलं. पाचदा पाहिलं, कारण पहिल्या चार वेळी मला ते खरं असायला नको होतं.

त्यांची सगळी रोपं आपल्या सातव्या झुडपाच्या रक्ताची आहेत. सातवं झुडूप तुमच्या खोपटाला लागून आहे. आई लिहिते, त्याचं बी तुम्ही कुणालाच काढू देत नाही.

तीन वेळा, मामा. तुम्ही चाळीस वर्षं पानं उकडताय. उकडल्यावर पानाचं काय होतं हे तुम्हाला माझ्या बाईंपेक्षा जास्त कळतं. मी मात्र पहिल्या दोन वेळी माझ्याच लिहिण्याला दोष देत बसले. आईला मी अजून काही बोललेले नाही. ते माझं काम नाही.

आता नीट वाचा. नळी एवढंच सांगते, की दोघं एकाच घरची. कोण कुणाकडून गेलं, हे ती सांगत नाही. रोपवाटिकेचा वकील म्हणणार, आमचंच बी तुमच्या उतारावर आलं. माझ्या अहवालात त्याला उत्तर नाही आणि मी खोटं उत्तर लिहिणार नाही. ते उत्तर फक्त तुमच्यापाशी आहे.

सलाम मामीला.

देस्मार्नी


पायाकुंबुह, ६ एप्रिल

चि. देस्मार्नीस. वि. वि.

बी मीच दिलं. चार वर्षांपूर्वी, रोपवाटिकेचा माणूस खोपटात कॉफी प्यायला बसला होता तेव्हा, एक टमरेल भरून. वाणाला तुझ्या आजीचं नाव देऊ, असं तो म्हणाला. मला तेवढंच ऐकू आलं. तुझ्या आईला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही. नंतर त्यांनी मालकाच्या मुलीचं नाव दिलं, आणि मला तोंड उघडायला जागा राहिली नाही.

तुझा राग आहे तसा राहू दे. माझाही तुझ्यावर आहे. मामाला असं लिहितात का?

आज सकाळी घरातल्या सगळ्या बायकांना बसवून सांगितलं. तुझ्या आईनं उठून खोपटाची किल्ली मागितली, मी दिली. यापुढे बी ती काढेल.

१८ तारखेला जिल्ह्याच्या कचेरीत मी उभा राहीन आणि टमरेलासकट सगळं सांगेन. तू तुझ्या आईच्या बाजूला बस. मी बोलताना माझ्याकडे बघू नकोस, नाहीतर मला बोलता येणार नाही.

तुझा मामा