शुकरने दोन जर्सी घातल्या

चँडलर, मार्च २००६

दादा,

उद्या सकाळी मी अमेरिकेचा नागरिक होण्याची शपथ घेणार आहे. तुला कळवलेलं नाही, आणि हे पत्रही पाठवणार नाही.

कोल्हापुरात तुझा जिवलग दोस्त सर्जेराव आपल्या पेठेचा संघ सोडून शेजारच्या तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळला, तेव्हा तू त्याच्या लग्नालाही गेला नाहीस. "जर्सी बदलली, त्यो आपल्याला मेला," म्हणालास. पुढे मी भाषणं करू लागलो, तेव्हा टाळ्या घेत व्यासपीठावरून तेच गर्जत राहिलो: बाजू बदलणारा तो फितूर.

आज लेकीला, इशिताला, फुटबॉलपटू दावोर शुकरबद्दल सांगत होतो. आधी युगोस्लाव्हियाकडून खेळला, मग क्रोएशियाकडून, आणि अठ्ठ्याण्णवच्या वर्ल्डकपमध्ये सर्वांत जास्त गोल त्याचेच.

"सो ही स्विच्ड टीम्स? लाइक यू, बाबा?"

"अगं, त्याचा देशच फुटला होता!"

"अँड युअर्स?"

दादा, आपला देश तर जागच्या जागी आहे. पण इथलं घर, नोकरी, ही पोर, हेही खरंच आहे. मग मी फितूर, की नुसता बाप? मला कुठल्याच बाजूने भाषण सुचत नाही.

शपथ संपली की हॉलमध्ये टाळ्या वाजतात म्हणे. आयुष्यात पहिल्यांदाच मला टाळ्यांची भीती वाटते आहे.

अजून तरी तुझाच,
सत्यजित