माझ्या नावचा फोन

प्रिय आत्या,

काल तुझं तेरावं झालं, पाहुणे गेले. आज सकाळी दार उघडते तो समोरच्या मिश्राचाची, हातात रिकामी बादली. म्हणाल्या, "बिटिया, नल सूखा पड़ा है. बुआजी कहती थीं, तुम ऊपर फोन कर देती हो." काय काय सांगून ठेवलंयस गं गल्लीत? ते विचारायलाच लिहितेय.

आईमागे मला तूच वाढवलंस. मी राज्यशास्त्र घेतलं, तर तुझा पहिला प्रश्न, "मग निवडणुकीला उभी कधी राहणार?" अगं, ते राजकारण नव्हे, हे मी दिल्लीहून समजावलं, मग नॉर्वेहून, मग केनियाहून. लोक सरकारकडे काय, कसं मागतात याचा अभ्यास करते, म्हटलं. तू हो हो म्हणायचीस. आणि आपल्या अख्ख्या दाना ओली गल्लीत सांगायचीस की आमची पोर आता परदेशातलं राजकारण सांभाळते!

चाचींना नाही कसं म्हणू? गेले तुझ्या पार्षदजींकडे, म्हणजे आपल्या नगरसेवकांकडे, चाचींचं समाधान तरी व्हावं म्हणून. तुझं नाव सांगताच ते उठून उभे राहिले. दाराजवळचा बाक दाखवून म्हणाले, "बुआजी यहीं बैठती थीं. काम हुए बिना उठती नहीं थीं." मी विचारलं, माझा फोन? ते हसले. असा फोन कधी आलाच नव्हता.

म्हणजे गटार असो, कुणाची पेन्शन असो, उन्हातान्हात जाऊन बसायचीस तू, आणि नाव माझं करायचीस. का गं? मी दूर असले तरी गल्लीची राहावी म्हणून?

मला तुझा राग येतोय, आत्या. मुरारच्या दवाखान्यात दाखल होतीस आणि फोनवर म्हणालीस, "मौसम बदललाय, थोडा खोकला आहे, तू तुझं काम कर बेटा." जगासाठी दुसऱ्याची दारं धरून बसलीस. मला नुसतं 'ये' म्हणाली असतीस तर मी मिळेल त्या विमानाने आले असते. तेवढं एक मागणं तुला जड झालं?

तिकीट पुढे ढकललंय. उद्या सकाळी त्या बाकावर जाऊन बसणार आहे, उठवलं तरी उठणार नाही. आणि नळाला पाणी आलं की चाचींना सांगेन, बुआजींचा फोन आला होता.

उभी न राहिलेली,
तुझी मंजू