नाकवालीचं नाक

८ जानेवारी, सोमवार

ड्रम गोठला! सकाळी बघते तर आत पांढराशुभ्र दगड. पारा सोळाच्या खाली गेला की शुद्ध ॲसिटिक ॲसिड असंच बर्फासारखं बसतं. पंचवीस वर्षं बघतेय, तरी दर थंडीत नव्याने चिडते. ड्रमवाला म्हणतो, "ताई, खाली जरा जाळ करू का?" म्हटलं, कर की, सगळे एकदमच वर जाऊ! वाफ पेट घेते त्याची. झाकण सैल केलं, कोमट पाण्यात बसवला. बारा वाजेपर्यंत माल वितळला. मग नेहमीचंच — हातमोजे, चष्मा, आधी टाकीत पाणी आणि मग त्यात ॲसिड. उलटं कधीच नाही, नाहीतर अंगावर उसळतं. शंभरात चार भाग — झालं खायचं व्हिनेगर. कमी पाण्याचा कडक माल वेगळा, तो कापड रंगवणाऱ्यांकडे जातो.

एवढं सगळं केलं आणि नाकाला काही म्हणजे काही कळलं नाही.

लिहिलं बाई एकदाचं. ऑक्टोबरपासून मला वास येत नाही.

९ जानेवारी, मंगळवार

कारखान्यात मला नाकवाली म्हणतात. एकदा दारातूनच सांगितलं होतं, "आज पाणी जास्त पडलंय, मोजून बघा." मोजलं, तर खरंच साडेतीन! तेव्हापासून काही अडलं की "नाकवाली ताईंना विचारा". आता कोणत्या तोंडाने सांगू? कळलं तर टाकीवरून काढतील, घरी बसवतील. आणि घरी आहे कोण? चार भिंती. दिवसभरात मला हाक मारणारी माणसं ती तेवढीच.

१० जानेवारी, बुधवार

दूध करपून कोळसा. शेजारीण दार बडवत होती — "काकू, अहो काय जळतंय?" मी भांड्यापासून चार पावलांवर बसले होते!

मग कपाटातून ह्यांचा स्वेटर काढला. दोन वर्षांत एकदाही धुतला नाही मी तो. ह्यांच्यामागे तेवढंच उरलंय. तोंड खुपसून बसले. नुसती लोकर. खूप रडले.

१२ जानेवारी, शुक्रवार

आज भीती वाटली. आम्ही सहाही जण चहा पीत बसलो होतो. लॉरीचा ड्रायव्हर आत आला आणि खोकतच सुटला. "अहो, डोळे चुरचुरतायत, काय सांडलंय इथे?" बघते तर कडक मालाच्या ड्रमचा नळ टपटप गळतोय, खाली हे एवढं थारोळं. दारं उघडली, सोडा टाकला, भरपूर पाणी मारलं.

नंतर बॉयलरवाला म्हणाला, "मला आला होता वास मघाशीच." लेबलवाली म्हणाली, "मलापण." ड्रमवाल्यानेही मान डोलावली. मग उठला का नाहीत रे बाबांनो? पण मीही म्हटलं, हो हो, मलाही आला होता. म्हणजे सगळ्यांना कळलं होतं, मला एकटीलाच नाही. उद्या कोणी भाजलं तर?

१४ जानेवारी, रविवार

लेकीचा फोन. "आई, जेवलीस का?" जेवले. "बरी आहेस ना?" बरी आहे. दोन मिनिटं. सांगणार होते. तिच्याकडे पाहुणे आले.

१५ जानेवारी, सोमवार

गळतीवरून केमिस्ट मॅडमनी नवा नियम काढला. रोज सकाळी एकेकाने त्यांच्या खोलीबाहेरच्या टेबलाशी जायचं. तिथे दोन बाटल्या — एकीत पाणी, एकीत व्हिनेगर. दिसायला दोन्ही सारख्याच. हुंगायचं, आणि व्हिनेगर कुठल्या बाटलीत आहे ते वहीत लिहून सही करायची. माझ्या नाकी नऊ आले!

पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. रुमालाच्या टोकाला खायचा सोडा बांधून नेला. दोन्हींतला थेंब थेंब सोड्यावर टाकला. उजवीचा फसफसला. "उजवी", सही. जुनी म्हणून पहिला नंबर माझा, कोणी बघायलाही नव्हतं.

१६ जानेवारी, मंगळवार

मेले! टेबलावर सोडा सांडला होता वाटतं. आज बाटल्यांची तोंडं जाळीने घट्ट बांधलेली. हुंगलं, हुंगलं... काही नाही. अंदाजपंचे लिहिलं — डावी. दिवसभर मॅडमच्या दाराकडे लक्ष. कोणी बोलावलं नाही. लागला म्हणायचा नेम.

१७ जानेवारी, बुधवार

परत डावी. खोटारडी मेली.

१८ जानेवारी, गुरुवार

मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. वही उघडली. "दोन दिवस दोन्ही बाटल्यांत नळाचं पाणी होतं." वहीत दोन्ही दिवस सहाच्या सहा जण — डावी, डावी, डावी! ड्रमवाला पुटपुटला, "ताईंचं बघून लिहिलं. त्यांचं नाक कसं चुकेल?" बॉयलरवालाही तेच म्हणाला. बाकीचेही. म्हटलं, अरे, मला ऑक्टोबरपासून काही येत नाही रे! "मला तर दोन वर्षं झाली," ड्रमवाला म्हणाला.

मॅडमनी टाकी बंद करायला लावली. उद्या सगळे डॉक्टरकडे.

लेबलवाली कोपऱ्यात रडत होती. तिचं बाळ चार महिन्यांचं. "ताई, बाळाच्या टाळूला छान वास असतो म्हणतात सगळे. मला तो एकदाही आला नाही हो." तिला जवळ घेतलं आणि ह्यांच्या स्वेटरचं सांगितलं.