गाव कंचा तुमचा?

४ जानेवारी, वैशाखरे

मुरबाडला पेट्रोल भरायला थांबलो. पंपावरचा माणूस नळी हातात धरून म्हणतो, "पाव्हणं, गाव कंचा तुमचा?" मागचे तिघे खो खो हसले. एकानं सेल्फी काढला. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. दहा वर्षं एकांकिका केल्या, मागे उभा राहणारा हवालदार केला, मेलेला रिक्षावाला केला. आता कुठं लोक ओळखायला लागले, तेही मालिकेतला चोर म्हणून.

घरी आलो तर बाबा पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसलेले. कालचा भाग बघितला का विचारलं. "बगितला." मग म्हणाले, "माझा हात असाच हालतो का रे?"

म्हणजे मालिकेत पाव्हणा बोलता बोलता समोरच्याच्या मनगटाला दोन बोटं लावतो, तसा. हो म्हणालो.

"बरा हाय," म्हणाले. खूश आहेत की नाहीत, काही कळलं नाही.

५ जानेवारी

शूटिंग नाही. घरात बसवत नाही. दोनदा गाडी काढून उगाच नाक्यापर्यंत जाऊन आलो.

ऑडिशन आठवतेय सारखी. दिग्दर्शक सरांनी सांगितलं होतं, तू ठग आहेस, अनोळखी घरात शिरून दाखव. माझ्या आधीचे सगळे गॅसवाला झाले, मीटरवाला झाले, एक तर तोतया पोलीस झाला. मी बाबा झालो.

बाबा एसटीत, लग्नात, दवाखान्याच्या रांगेत, कुठंही शेजारच्याशी नातं काढतात. गाव विचारायचं, मग त्या गावातला एखादा म्हातारा काढायचा, त्याची बहीण कुठं दिली ते काढायचं, की चौथ्या वाक्याला "मंग तुमी आमचेच निघालात!" आणि मनगटावर दोन बोटं. माणूस पाघळतोच. मी तसाच दारातून नातं काढत काढत आत शिरलो तो चहा हातात येईपर्यंत. सर उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

तिथून पाव्हणा झाला. नातं काढून घरात शिरतो, रात्री जेवतो, पहाटे दागिने घेऊन पसार. पहिल्याच भागात इन्स्पेक्टर शिंत्रेबाई त्याला धरते आणि तुरुंगात टाकायच्या ऐवजी आपल्या तपासाला जुंपते. ती पुरावे बघते, हा घरात शिरतो. लोकांना जोडी फार आवडली.

९ जानेवारी, सेट

लेखकांनी आता संवाद लिहायचेच सोडलेत. स्क्रिप्टमध्ये नुसतं "पाव्हणा ना. का. करतो". ना. का. म्हणजे नातं काढणं. पुढचं मी करायचं. मृदुलाताई (शिंत्रेबाई) म्हणाल्या, "तुला फुकट लेखक करून टाकलाय रे यांनी." हसलो. खरं तर लेखक मी नाहीच. तो वैशाखऱ्याला शेंगा सोलतोय.

पण ते मी उघड सांगितलंय. मागच्या महिन्यात मुरबाडच्या एका चॅनेलवाल्याला मुलाखत दिली, त्यात छाती फुगवून म्हणालो, "हे सगळं माझ्या वडलांचं. त्यांच्याकडून उचललंय." त्यानं वर मथळा दिला: पाव्हण्याचा खरा गुरू त्याचा बाप! बाबांचा फोटोही लावला, खाली वैशाखरे गावाचं नाव. मला भरून आलं होतं तेव्हा.

१५ जानेवारी, म्हशाच्या जत्रेत

बाबांना गाडीवर घेऊन गेलो. जत्रा म्हणजे बाबांचं माहेर. बैल घ्यायचा नसतो, घोंगडी घरात दोन आहेत, पण चार जिल्ह्यांची माणसं येतात आणि सगळ्यांना गावं असतात.

घोंगड्यांपाशी एक धोतरवाला आजोबा उभा होता, सोबत दोन मुलगे. बाबांनी सुरुवात केली, "गाव कंचा तुमचा?" थोरल्या मुलानं बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. ट्यूब पेटली. "आरं, हा तर पाव्हण्याचा बाप! फोटो बगितला ना आपण! दादा, खिसा सांभाळा हां!" आजोबानं खरंच कोपरीच्या खिशावर हात ठेवला. घोंगडीवाल्यानंही गल्ला ओढून घेतला, गंमत म्हणून. सगळे हसले. बाबाही हसले.

मीही हसलो. ते आता डोक्यातून जात नाही.

नंतर बाबा जत्रेत फिरले, पण कोणाशी बोलले नाहीत. आईला पोलपाट घ्यायचा होता, तो विसरले. घरी आल्यावर आईनं विचारलं, कोन कोन भेटला? दर वर्षी जेवताना तासभर हेच चालतं. "गर्दी होती," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

१६ जाने.

काही सुचत नाही. गाडी धुतली. परत धुतली. आई म्हणाली, "रंग जाईल रे तिचा."

२४ जाने.

आईकडून कळलं. किन्हवलीच्या काशिनाथमामाच्या मुलीची सोयरीक झाली. सुपारी फुटली, साखर वाटली, आणि बाबांना निरोपसुद्धा नाही. दोन्हीकडच्या सोयरिकीत बाबा नाहीत असं मी जन्मात बघितलं नाही. कूळ जुळतं का, भाऊबंदकी तर लागत नाही ना, हे बघायला लोक गाडी पाठवून त्यांना नेतात.

"तुझ्या मामानं बोलावला नाय तुझ्या बाला," आई म्हणाली. "विसरला आसंल." विसरला कसा? सख्खा मेव्हणा!

बाबा आत होते. त्यांना ऐकू गेलं असणार. रेडिओचा आवाज वाढवला.

२५ जाने., किन्हवली

मामाशी भांडायलाच गेलो होतो. त्यानं आधी पाणी दिलं, मामीनं पोहे, भांडण बाजूलाच राहिलं.

मामा म्हणाला, "भाच्या, माझ्या मनात काय नाय रे. पोराकडची मानसा तुझी मालिका बगतात. दाजी बसले आसते नि इचारला आसता गाव कंचा, की ते हसले आसते. पोरीच्या सुपारीत हसू झाला आसता."

मी म्हणालो, ती मालिका आहे मामा, बाबांनी कोणाचं काय नेलंय?

"मला कळतंय रे. पन तूच बोललास ना, बापाकडना उचलला म्हनून? लोक काय समजतात सांगू? बाप आधी असाच करायचा, पोरगा त्याचा बगून शिकला."

उचललं. माझाच शब्द. माझ्या मते तो कौतुकाचा होता. मुलाखतीत तो चार वेळा म्हणालोय, मोबाइलवर परत बघितलं. थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

निघताना मामा म्हणाला, लग्नाला या सगळे. बाबांना सांगू का विचारलं, तर मामीकडे बघायला लागला.

२ फेब्रुवारी, उंबरमाळी

बाहेरचं शूटिंग. रेल्वे हॉल्टवरच्या बाकावर शिंत्रेबाई आणि पाव्हणा गाडीची वाट बघतात, एवढाच प्रसंग. उजेड जायची वाट बघत दुपारभर बसलो. मृ.ताईंना सगळं सांगून टाकलं. म्हणाल्या, त्यात तुझा काय दोष? मला रागच आला. दोष कोणाचा मग, मनगटाचा?

ताई रागावल्या नाहीत. मग म्हणाल्या, "असं करू. शिंत्रेबाईला शिकव नातं काढायला. पोलीस करतेय म्हटल्यावर ते चोराचं राहणार नाही. मी सरांशी बोलते." कल्पना बरी वाटली. लगेच तालीम. फलाटावर एक बाई लाकडांची मोळी टेकवून बसली होती. ताई तिच्याजवळ गेल्या नि विचारलं, "आपलं गाव कोणतं?"

बाई ताडकन उठली. "ही लाकडा वाळलेलीच हायत बाई, मी काय तोडली नाय." ताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. इन्स्पेक्टरचा गणवेश अंगावर होता, हे त्या विसरल्याच होत्या.

नंतर म्हणाल्या, "तुझे बाबा विचारतात तेव्हा कुणी असं का दचकत नाही?"

आणि तेव्हा लक्षात आलं. बाबा नुसतं गाव विचारत नाहीत. जत्रेतही त्यांनी पूर्ण वाक्य म्हटलं होतं, माझ्याच कानांना अर्धं ऐकायची सवय लागलीय. बाबा म्हणतात, "आमी वैशाखऱ्याचे. गाव कंचा तुमचा?" आधी आपलं देतात, मग दुसऱ्याचं मागतात. ऑडिशनला मी आधीचं तेवढं कापलं होतं. चोर आपलं गाव कशाला सांगेल?

म्हणजे बाबांचं मी अर्धंच घेतलं. आणि लोकांना वाटतं तेवढंच त्यांचं.

३ फेब्रु.

घरी येऊन बाबांना हे सांगायचं ठरवलं होतं. त्यांनी दारातच विचारलं, जेवलास का. जेवलो म्हणालो. झालं.

११ फेब्रु., सेट

सरांशी बोललो. ताई सोबत होत्या. म्हटलं, दुसरं पर्व येतंय, तर पाव्हण्यानं आधी आपलं गाव सांगावं. वाक्य मुळात तसं आहे. त्यानं माणूस बदलायला लागतो, चोर राहत नाही, वगैरे. बराच वेळ बोललो, मला वाटतं बरं बोललो.

सर डोळे मिटून ऐकत होते. मग टेबलावर हात आपटला. "कमाल! सांगू दे की गाव. पण खोटं! दर घरात वेगळं! समोरच्याला वाटतं ह्यानं आधी स्वतःला उघडं केलं, म्हणजे हा खरा. शिंत्रेबाई शेवटपर्यंत शोधत राहते की ह्याचं खरं गाव कुठलं. पूर्ण पर्व बसतं त्यावर!"

लेखकांनी तिथल्या तिथे लिहून घेतलं. उरलं होतं तेही मीच नेऊन दिलं. ताई माझ्याकडे बघत नव्हत्या.

करार तयार आहे म्हणाले. मुख्य भूमिका, नाव आधी. २६ला सही. घरी फक्त आईला सांगितलं.

१९ फेब्रु.

बाबा आता एसटीत खिडकीपाशी बसतात आणि बाहेर बघतात. कंडक्टरनं सांगितलं. "म्हातारा आजारी हाय काय रे?" विचारत होता.

२३ फेब्रु., मुरबाड

हे नीट लिहितो.

बाबा दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. त्यांना न्यायला स्टँडवर गेलो. ऊन फार, म्हणून तोंडाला रुमाल, वर हेल्मेट. लांबून बघितलं, बाबा बाकावर आणि शेजारी एक जाडसर माणूस, शहापूरकडचा वाटला. बाबांचा हात त्याच्या मनगटावर! दोन बोटं! इतक्या दिवसांनी. मी हरखलो. गाडी लावून मागनं गेलो, म्हटलं मध्ये पडायचं नाही, ऐकू या.

तो माणूस विचारत होता, "धसईत तुमचा घर कुठल्या अंगाला मंग?"

बाबा म्हणाले, "देवळाच्या मागल्या अंगाला. आमी पयल्यापास्ना धसईचेच."

मला आधी कळलंच नाही. वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण मग बाबांनी धसईतला कोणी शिवराम काढला, शिवरामची बहीण काढली, ती डोळखांबला दिली ते काढलं, आणि तो माणूस मांडीवर थाप मारून ओरडला, "मंग तुमी आमचेच निघालात की!"

बाबा असे हसत होते की जत्रेनंतर पहिल्यांदा मला त्यांचे दात दिसले.

मी तिथेच उभा. सरांना हे दाखवलं तर ते उठून टाळ्या वाजवतील.

माणूस एसटीत बसून गेला तेव्हा पुढे झालो. बाबांनी बघितलं, मी ऐकलंय हे त्यांना कळलं. गाडीवर बसले. सरळगाव मागे पडलं. मग मीच गाडी कडेला घेतली आणि विचारलं, "बाबा, धसई का?"

"वैशाखऱ्याचा सांगितला की मानूस खिसा चाचपतो," बाबा म्हणाले. आवाजात राग नाही, तेच मला जास्त लागलं. "धसईचा सांगितला तर बोलतो तरी."

माफ करा म्हणालो. पहिल्यांदाच, आणि रस्त्याच्या कडेला, हेल्मेट घालून. ट्रक जात होता, ऐकू गेलं की नाही माहीत नाही. बाबा म्हणाले, "चाल, ऊन लागतंय."

२४ फेब्रु.

सरांचे फोन. तीन झाले. उचलले नाहीत.

आईला सांगितलं सगळं. ती म्हणाली, "तो धसईचा कवा झाला?" आणि मग हसता हसता रडायला लागली.

२५ फेब्रु., वैशाखरे

सकाळी बाबा धुतलेली टोपी घेऊन अंगणात आले. परवाच्या त्या माणसाकडे उद्या हळद आहे, पुतणीची. त्यानं आग्रहानं बोलावलंय. फोन नंबर दिलाय, घर सांगितलंय, सगळ्यांना घेऊन या म्हणालाय.

"जायला पायजे," बाबा म्हणाले. "मानूस चांगला हाय. नाता निघालाय."

मी म्हणालो, बाबा, तिथं धसईचा कोणी भेटला तर?

"बगू." टोपी झटकली. चेहरा असा उजळलेला की मला पुढचं बोलवेना. तिथं जाऊन खरं गाव सांगू या, असं म्हणणार होतो. सांगितलं तर तो माणूस काय करेल? हसेल? की कोपरीवर हात ठेवील? आणि नाही सांगितलं तर बाबा दर लग्नाला धसईचे.

सही उद्याच आहे, अकरा वाजता. सरांना अजून हो नाही, ना नाही.

"तूच सोड मला गाडीवर," बाबा म्हणाले. आत जायला वळले, उंबऱ्यात थांबले.

"पन तोंड बांधून ये हां."